मुंबई महापालिकेने आणखी सीबीएसई शाळा काढाव्यात, की आहेत त्या शाळांना आधी नववी-दहावी जोडावी?

आठवीनंतर (धागाकर्ता)

मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. 2020-21 पासून त्यांत ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने दुसऱ्या मंडळांच्या शाळा आल्या. जोगेश्वरीच्या पूनम नगरात सीबीएसई आणि वुलन मिल शाळेत आयसीएसई अशी सुरुवात झाली. 2021 मध्ये भवानी शंकर रोड, काणे नगर, प्रतीक्षा नगर, राजावाडी, हरियाली व्हिलेज, मिठागर अशा आणखी दहा ठिकाणी सीबीएसई आली, पुढे केंब्रिज आणि आयबी ही आंतरराष्ट्रीय मंडळंसुद्धा. प्रवेश सोडतीने होतात. सोडत झाली की दर वर्षी मागणी सुरू होते: आमच्या विभागात अजून अशा शाळा काढा.

माझं मत असं की आता नवी सीबीएसई शाळा नको. जी खोली, जे पद, जो पैसा मोकळा होईल तो आधी नववी-दहावीकडे वळवा.

पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळा फारच थोड्या आहेत. बरीच मुलं सातवी-आठवीला येऊन थांबतात आणि हातात दाखला पडतो. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच, खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांचा हक्कही तिथंच संपतो. जवळच्या अनुदानित शाळेत नववीच्या जागा त्यांच्याच आठवीच्या मुलांनी भरलेल्या असतात. तमिळ, तेलुगू, कन्नडच्या मुलांचं तर आणखी अवघड, कारण त्या माध्यमाची माध्यमिक शाळा काही स्टेशनं लांब. मुलगी असेल तर रोज लोकलने कशी पाठवायची म्हणून घरचे थांबवतात. मग काही मुलं 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात. त्याला पाचवी उत्तीर्ण आणि वयाची 14 वर्षं पूर्ण एवढं पुरतं, पण शिकवायला कोणी नसतं आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांची सोय ज्याची त्याने बघायची.

नैसर्गिक वाढीने, म्हणजे चालू शाळेलाच पुढची इयत्ता वाढवून, नववी जोडायला काय लागतं? बी.एड. झालेले विषय शिक्षक (गणित-विज्ञान, भाषा, समाजशास्त्र), एक प्रयोगशाळा, शासनाची मान्यता आणि राज्य मंडळाचा संकेतांक. पहिल्या वर्षी एक तुकडी, दुसऱ्या वर्षी दहावी. म्हणजे दोन खोल्या आणि एक प्रयोगशाळा. तेच नर्सरी, छोटा शिशू, मोठा शिशू आणि पहिली ते सहावी असे वर्ग एकदम काढले तर पहिल्याच जूनमध्ये नऊ खोल्या जातात.

इतरांना काय वाटतं?

प्रतीक्षायादी

नववी-दहावी हवीच, त्यावर वाद नाही. पण त्यासाठी सीबीएसई थांबवा, हे पटत नाही.

मूल पालिकेकडे कोणत्या वयात येतं ते बघा. साध्या मराठी किंवा हिंदी शाळेत ते पहिलीला, सहाव्या वर्षी येतं. पालकांचा निर्णय मात्र तिसऱ्या वर्षीच झालेला असतो. गल्लीतल्या इंग्रजी केजीत नाव घातलं की तीन वर्षांनी ते मूल मराठी पहिलीत परत येत नाही. पब्लिक स्कूलचं चित्र वेगळं आहे ते फक्त मंडळामुळे नव्हे, नर्सरीमुळे. पालिकेच्या बालवाड्या आहेत, पण त्या संस्थांमार्फत चालतात आणि बालवाडीतून थेट वरच्या मजल्यावरच्या पहिलीत पट चढला असं होतंच असं नाही. मधल्या त्या एका जूनमध्ये मुलं गळतात.

दुसरं, अर्ज जागांपेक्षा जास्त येतात म्हणून तर सोडत काढावी लागते. एका तुकडीत 40 मुलं. ज्यांचा नंबर लागत नाही ते पालक पालिकेच्या मराठी शाळेत जात नाहीत, ते वर्षाला हजारो रुपये फी घेणाऱ्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जातात. ही मुलं सरकारी व्यवस्थेत टिकवायची असतील तर पालकांना जे हवं आहे ते चांगल्या दर्जाचं आणि फुकट देणं हाच मार्ग आहे. रिक्षा चालवणाऱ्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला सीबीएसई का नको?

तुकडी_अ

पट कमी झाला की नक्की काय होतं ते आकड्यांत मांडतो. ही चर्चा झाली की हा भाग नेहमी राहून जातो.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4, 121 ते 200 ला 5, आणि 150 च्या वर पट गेला की वेगळा मुख्याध्यापक. आता एका मराठी शाळेचा पट 64 आहे असं धरा. शिक्षक 3. त्याच इमारतीत सीबीएसई निघाली आणि पहिली-दुसरीतली सहा मुलं तिकडे गेली. पट 58, मंजूर पदं 2. गेली सहा मुलं, पण उरलेल्या 58 जणांचा तिसरा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनात दुसरीकडे जातो. दोन शिक्षकांत पाच इयत्ता, म्हणजे एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी-पाचवी. त्यातला एक मतदार यादीच्या कामावर गेला (कायद्याच्या कलम 27 ने निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं शिक्षकांना देता येतात) की उरलेला एक माणूस पाचही वर्ग नुसते शांत बसवून ठेवतो. पुढच्या जूनमध्ये आणखी दहा पालक दाखला काढून नेतात.

वरच्या वर्गांचं याहून कडक आहे. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट 20 च्या आत असेल तर त्या गटाला शिक्षकाचं पदच द्यायचं नाही असं ठरलं.

आणि हा पट म्हणजे वर्गात बसलेली डोकी नव्हेत. संचमान्यतेत (पट बघून शाळेची शिक्षकपदं मंजूर करतात ती) आधार वैध झालेली मुलंच धरली जातात. जनरल रजिस्टरला ‘मोहम्मद’ आणि आधारवर ‘मो.’, जन्मतारखेत एका वर्षाचा फरक, मुलगा-मुलगी चुकीचं नोंदलेलं, अशा कारणांनी मूल ‘अवैध’ दिसतं. 61 वर असलेल्या शाळेत एक नोंद अडकली की एक शिक्षक गेला. संचमान्यतेला 30 सप्टेंबरचा पट धरतात, त्याच्या आत हे दुरुस्त करायचं तर जुलैमध्येच रजिस्टर आणि आधार शेजारी ठेवून प्रत्येक नाव ताडून घ्यावं लागतं. चूक रजिस्टरची असेल तर जन्मदाखल्याच्या आधारे शाळेने दुरुस्तीचा प्रस्ताव द्यायचा, आधारची असेल तर पालकांना केंद्रावर पाठवायचं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हे होत नाही, कारण तेव्हा सगळेच एकदम धावतात.

त्यामुळे धागाकर्त्याशी मी सहमत आहे, कारण थोडं वेगळं. एकाच इमारतीत दोन मंडळं ठेवणं हेच चुकीचं आहे.

प्रतीक्षायादी

@तुकडी_अ, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तिसरं पद संचमान्यतेच्या निकषाने जातं, सीबीएसईने नाही. मराठी माध्यमाचा पट 2020 च्या कितीतरी आधीपासून घसरतो आहे. ही सहा मुलं पालिकेच्या वरच्या मजल्यावर गेली नसती तर बाहेरच्या खासगी शाळेत गेली असती, पट 58 च राहिला असता.

उपाय तुमच्याच आकड्यांत आहे. पालिकेच्या एकेका इमारतीत एकाच माध्यमाच्या दोन शाळा असतात, एक सकाळ अधिवेशनाची, एक दुपार अधिवेशनाची. प्रत्येकी 60 मुलं आणि 2 शिक्षक. एकत्र केल्या तर 120 मुलांना 4 शिक्षक. पदं तेवढीच राहतात, पण दोघांनी पाच इयत्ता ओढण्याऐवजी चौघं पाच इयत्ता शिकवतात, म्हणजे एकच जोडवर्ग उरतो. प्रत्येक इयत्तेत 24 मुलं होतात, खेळाला दोन संघ होतात. शिवाय पट 150 च्या वर गेला तर मुख्याध्यापक मिळतो. याला ना नवा पैसा लागतो, ना नवी खोली. विभाग निरीक्षकाने प्रस्ताव द्यायचा आहे.

तुकडी_अ

एकत्रीकरण मान्य, पण खोली लागत नाही हे चुकलं. दोन अधिवेशनं एका वेळी बसवायची तर त्या वेळी खोल्या दुप्पट लागतात.

इथं आणखी एक पेच आहे. 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असा शासनाचा निर्णय आहे. सकाळ अधिवेशनातली लहान मुलं उशिरा आणायची तर दुपार अधिवेशनाशी वेळ आदळते. वरच्या इयत्तांना वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास भरावे लागतात, म्हणजे रोज साधारण साडेचार तास निव्वळ अध्यापन. एका खोलीत दोन अधिवेशनं बसवली की मध्ये अर्धा तासही मोकळा राहत नाही. अशा इमारतीत दिवसभर चालणारी सीबीएसई शाळा एक मजला घेते तेव्हा हा पेच सुटायची शक्यताच संपते. सीबीएसईला वर्गखोली किमान 500 चौरस फुटांची लागते, म्हणजे जातात त्या खोल्याही मोठ्या आणि चांगल्या. उरलेल्या आठ माध्यमांच्या मुलांना जिन्याखालची, कोपऱ्यातली खोली येते. मला राग येतो तो याचा.

मधली_सुट्टी

इंग्रजी की मराठी, सीबीएसई की राज्य मंडळ, या दोन प्रश्नांची इथं गल्लत होते आहे.

पालकांना मंडळ नको असतं, इंग्रजी हवं असतं. ते राज्य मंडळातच सेमी इंग्रजीने देता येतं: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मातृभाषेतून. 2013 पासून पहिलीपासून सेमीची मुभा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 ही शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण द्या असंच सांगतं.

“पुढे जेईई-नीटला सीबीएसईच लागतं” हा युक्तिवाद नीट तपासा. पालिकेच्या शाळेतून दहावी झालेलं मूल अकरावीला बहुधा राज्य मंडळाच्याच कनिष्ठ महाविद्यालयात जाणार. प्रवेश परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा असतो. राज्याच्या एमएचटी-सीईटीला तर अकरावीवर 20 टक्के आणि बारावीवर 80 टक्के भर. पाचवीत कोणतं पुस्तक वाचलं याचा तिथं काही संबंध नाही. आणि 2025-26 पासून राज्य मंडळाच्या पहिलीतच सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम आणायचं सरकारने ठरवलं. मग वेगळी शाळा काढून मिळवलं काय?

सेमी बिघडते ती मात्र ठरावीक जागी. शिक्षकाचं स्वतःचं डी.एड. मराठीतून झालेलं असतं आणि गणिताचं पुस्तक इंग्रजी. मग तासाचं रूप असं होतं: फळ्यावर इंग्रजी वाक्य, तोंडी मराठी भाषांतर, मुलं उत्तर पाठ करतात. तिसरीत ‘किती उरले?’ हे मुलाला अचूक येतं, पण ‘हाऊ मेनी आर लेफ्ट’ वाचून ते बेरीज करतं, कारण ‘लेफ्ट’ म्हणजे त्याच्या लेखी डावा हात. संख्याज्ञान पक्कं असूनही मूल नापास दिसतं. त्यावर इलाज साधा आहे. पहिली-दुसरीत गणित मराठीतच शिकवायचं, इंग्रजी संज्ञा फक्त ऐकवायच्या. तिसरीपासून शाब्दिक उदाहरणं दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी छापून द्यायची. पाचवीपासून पूर्ण सेमी. यासाठी शाळेमागे एक तयार शिक्षक पुरतो.

प्रतीक्षायादी

सेमीचा तुमचा क्रम पटला. पण ‘एक तयार शिक्षक’ आणणार कुठून? शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झालेल्या, पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या उमेदवारांना पालिकेच्या इंग्रजी शाळांत रुजू करून घ्यायला नकार मिळाला होता. तो वाद बरीच वर्षं चालला. दोन्ही भाषा उत्तम येणारी, स्पर्धेतून आलेली माणसं दारात उभी असताना परत पाठवली गेली. सेमीला नेमकी हीच माणसं हवीत.

मधली_सुट्टी

या मुद्द्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्या धोरणाने सेमीचंही नुकसान झालं आणि इंग्रजी शाळांचंही. पण नवीन सीबीएसई शाळा काढल्या की हीच टंचाई आणखी ताणली जाते. मग तासिका तत्त्वावर माणसं घ्यावी लागतात. तासिकेवरचा शिक्षक तास झाला की जातो. पालकसभा, मूल्यमापनाच्या नोंदी, मागे पडलेल्या मुलाकडे लक्ष, यातलं काही त्याच्या पगारात बसत नाही आणि दुसरी नोकरी मिळाली की तो वर्षाच्या मध्येच सोडतो. मंडळ कोणतंही असो, ऑक्टोबरमध्ये गणिताचा शिक्षक बदलला की त्या तुकडीचं वर्ष गेलं.

पोषण_नोंद

मंडळाच्या वादात बाकीच्या सेवा मागे पडल्या. पालिकेची शाळा म्हणजे 27 शालेय वस्तू, माध्यान्ह भोजन, आरोग्य तपासणी, गोळ्या. गरीब घरासाठी यातलं बरंच काही वर्गापेक्षाही मोलाचं असतं. त्या आघाडीवर नववी-दहावीची बाजू दोघं समजता त्याहून अवघड आहे, ती मांडते.

भोजनाचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल, त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात ग्रॅम, म्हणजे 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. हे सगळं कच्च्या मालाचं वजन. मुंबईत जेवण बचत गटांकडून किंवा केंद्रीय स्वयंपाकघरातून डब्यांत येतं, कच्चा माल शाळेला दिसत नाही. म्हणून शिजलेलं वजन करावं. तांदूळ शिजून अडीच ते तीन पट होतो. लहान गटातल्या 100 मुलांसाठी 10 किलो तांदूळ आणि 2 किलो डाळ पडली असेल तर खिचडी निदान 30 किलो भरायलाच हवी. 18-20 किलोचा डबा आला तर धान्य कमी पडलंय, पातळ लागते की घट्ट हा प्रश्नच नाही. लटकता वजनकाटा शाळेत ठेवावा आणि चव नोंदवहीत चवीबरोबर वजनही लिहावं. ‘चव चांगली’ एवढीच नोंद असली की तक्रारीला आधार राहत नाही. अन्न वाढताना वाफाळतं, 65 अंशांच्या वर असायला हवं. कोमट डबा म्हणजे तो बराच वेळ गाडीत होता.

नववीपासून हे जेवण बंद होतं. योजना आठवीपर्यंतच. खालच्या टोकालाही तसंच, बालवाटिकेचं, म्हणजे पहिलीच्या लगेच आधीचं, एक वर्ष योजनेत धरलेलं आहे, त्याच्या आधीची नर्सरी नाही. म्हणजे पब्लिक स्कूलच्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीही वेगळी तरतूद लागते.

याचा एक परिणाम सहसा कोणी बघत नाही. लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा द्यायच्या असतात. लहान मुलांना गुलाबी, 45 मिलिग्रॅम लोहाची. 10 वर्षांवरच्यांना निळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. ही गोळी जेवल्यावरच द्यायची. आठवीपर्यंत भोजनानंतर दिली की काही होत नाही. नववी-दहावीत जेवण नाही, बऱ्याच मुली डबा आणत नाहीत, आणि गोळी पहिल्या तासाला वाटली जाते. उपाशीपोटी दोघी-तिघींना मळमळलं, एकीला उलटी झाली, की पुढच्या सोमवारी अख्खा वर्ग गोळी खिशात घालतो. ज्या वयात मुलींना लोह सर्वात जास्त लागतं तेव्हाच ते सुटतं. माध्यमिक वर्ग वाढवणार असाल तर त्या मुलांच्या दुपारच्या खाण्याची तरतूद पालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकातून त्याच वेळी करावी. निदान गोळीच्या दिवशी तरी शेंगदाणा चिक्की, केळं असं काहीतरी हवंच.

आठवीनंतर

@पोषण_नोंद, हे माझ्या मांडणीत नव्हतं, आणि ते यायलाच हवं. नववीच्या तुकडीच्या खर्चात दुपारचं खाणं धरूनच प्रस्ताव व्हावा.

तुमच्या मुद्द्याला जोडून पैशाचा एक हिशोब. आठवीला एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सूट), शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित. बौद्धिक क्षमता 90 प्रश्न, शालेय विषय 90 प्रश्न, दोन्हींना 90-90 मिनिटं. मिळाली तर वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी, म्हणजे 48,000.

पालिकेच्या शाळेतलं हुशार मूल परीक्षा देतं, पात्र ठरतं, आणि मग नववीला जवळ जागा मिळाली नाही म्हणून विनाअनुदानित शाळेत जातं. तिथं शिष्यवृत्ती थांबते, कारण नववीपासूनही शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानितच लागते. एकीकडे 12,000 गेले, दुसरीकडे फी अंगावर आली. वर दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, त्यावर नव्या शाळेने पडताळणी करायची असते. शाळा बदलली की जुनी शाळा म्हणते मूल आमच्याकडे नाही, नवी म्हणते यादीत नाव नाही. त्याच इमारतीत नववी असती तर यातलं एकही लफडं झालं नसतं.

रॅम्प_आणि_लिफ्ट

दिव्यांग मुलांचा विचार वरच्या एकाही प्रतिसादात नाही, म्हणून लिहिते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आठवीला थांबत नाही, 18 वर्षांपर्यंत. त्यामुळे नववी-दहावी ही पालिकेची मेहरबानी आहे की कर्तव्य, हा प्रश्न या मुलांपुरता कायद्यानेच सोडवलेला आहे.

अध्ययन अक्षमतेचं (एसएलडी) सांगते, कारण तिथं मंडळ आणि माध्यमाचा थेट संबंध येतो. दाखला वयाच्या 8 वर्षांनंतर मिळतो, 14 आणि 18 ला पुन्हा तपासणी. मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते. शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांचे निकाल, मुलाच्या हातच्या वह्या (पालकांनी सुधारून दिलेल्या नव्हेत) असं घेऊन जायचं. आधी दृष्टी आणि श्रवण तपासणी, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. एका भेटीत होत नाही. दहावीच्या फॉर्मच्या वेळी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, पहिल्यांदा शाळेचं पत्र मागणाऱ्या पालकांना दाखला वेळेत मिळणं अवघड. नववीच्या जूनमध्ये सुरुवात करावी. दाखला असेल तर परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्त वेळ, गरज असल्यास लेखनिक, आणि राज्य मंडळात गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेऊन सोबत एक कार्यानुभव विषय घेण्याची सोय आहे.

आता माध्यमाचं. घरी कोणीच इंग्रजी बोलत नाही अशा मुलाला इंग्रजी शाळेत घातलं आणि चौथीत वाचता येत नाही म्हणून तपासणीला पाठवलं, तर ही अक्षमता आहे की भाषाच पोचलेली नाही, हे चाचणीतून ठरवणं फार कठीण होतं. चाचण्याही सगळ्या आठ माध्यमांत सारख्या उपलब्ध नाहीत. त्यामुळे खरी अडचण असलेलं मूल ‘इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून सुटतं आणि नुसत्या भाषेने अडलेलं मूल रांगेत वर्ष घालवतं. पब्लिक स्कूल वाढवणार असाल तर तीन-चार शाळांमागे एक तरी विशेष शिक्षक हवा, जो मुलाला त्याच्या घरच्या भाषेत तपासेल. तो नसेल तर पहिलीपासून इंग्रजी माध्यमाचं ओझं या मुलांवर सर्वात जास्त पडतं.

प्रतीक्षायादी

वरचे सगळे प्रतिसाद वाचून माझी भूमिका थोडी सरकली आहे, पण फिरलेली नाही.

मान्य: जिथं दोन अधिवेशनं चालतात त्या इमारतीत सीबीएसईला मजला देऊ नये. मान्य: आधी पदं भरावी, मग शाळा जाहीर करावी, आणि ती तासिकेवरची नसावीत. विशेष शिक्षकाचा मुद्दाही बिनशर्त मान्य.

अमान्य: सगळीकडे बंदी. काही इमारतींत पट इतका घसरला आहे की मजलेच्या मजले कुलूपबंद आहेत. तिथं सीबीएसई काढल्याने कोणाचीच खोली जात नाही. आणि जिथं आधीच पब्लिक स्कूल आहे ती वरच्या इयत्तांपर्यंत नेणं पालिकेवर बंधनकारकच आहे, नाहीतर तुम्ही म्हणता ती आठवीनंतरची कुचंबणा सीबीएसईच्या मुलांचीही होईल, आणि त्यांना तर राज्य मंडळाच्या नववीत विषय आणि पुस्तकं बदलून बसावं लागेल.

माझी उलट अट अशी: ज्या मराठी, हिंदी, उर्दू शाळेला नववी जोडाल तिथंच खाली बालवाडीही जोडा, त्याच मुख्याध्यापकाच्या हाताखाली. बालवाडीतलं मूल पहिलीत आपोआप चढलं पाहिजे, पुन्हा अर्ज नको. नाहीतर दहा वर्षांनी नववीच्या त्या खोलीत बसायला मुलंच नसतील.

आठवीनंतर

बालवाडीची अट घेतो. कुलूपबंद मजल्यांचं मात्र कागदावर दाखवा. ‘खोल्या रिकाम्या’ असं म्हणतात तेव्हा त्यांत पुस्तकांचं गोदाम, निवडणुकीचं साहित्य आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या खोल्याही धरलेल्या असतात.

तुकडी_अ

ते तपासता येतं. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, त्यांच्यातल्या कोणीही बैठकीत तीन कागद मागायचे: यूडायसमधली (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) खोल्यांची नोंद, दोन्ही अधिवेशनांचा खोलीनिहाय वेळापत्रक तक्ता, आणि 30 सप्टेंबरचा इयत्तानिहाय पट, आधार वैध किती ते धरून. तिन्ही शेजारी ठेवले की कोणती खोली कोणत्या वेळी खरंच मोकळी आहे ते अर्ध्या तासात कळतं. मागणी इतिवृत्तात लिहून घ्यावी. तोंडी मागितलं तर पुढच्या बैठकीला त्याचा पत्ता नसतो. मोकळ्या निघालेल्या खोल्यांची यादी जोडून नववीच्या तुकडीचा ठराव त्याच बैठकीत करावा आणि त्याची प्रत विभाग निरीक्षकाबरोबर प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांनाही पाठवावी. नवीन वर्गाचा प्रस्ताव पुढे जायला वेळ लागतो, तेव्हा जूनमध्ये तुकडी सुरू व्हायची असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी ठराव झालेला बरा.